चौकच्या बायका रडल्या नव्हत्या

ये गं मीनल, अशी जवळ ये. एक पाय घरात आणि एक पाय बाहेर ठेवून मावशीचं बोलणं ऐकायचं नसतं. आधी तो टीव्ही बंद कर. आता सांग, परवा शेखरच्या साखरपुड्यात तुझ्या मैत्रिणीला माझी ओळख काय करून दिलीस? "ही माझी सुधामावशी. इंग्लिश पिक्चरमध्ये कपड्यांना इस्त्री करायची." माझ्या तोंडात जिलबी होती म्हणून तुझं निभावलं. आता तोंड रिकामं आहे, आणि दिवाळी अंकवाल्यांनी लिहा म्हणून पानंही दिली आहेत. तुझ्यासाठी लिहितेय, बाकीच्यांनी वाचलं तरी माझी ना नाही.

इस्त्री केली मी. हजार वेळा केली. भाईंदरची लाईट ऐन वेळी जायची म्हणून कोळशाच्या इस्त्रीनेसुद्धा केली, आणि एका गोऱ्या नटाचा पांढरा सूट राखेचा एक कण न पाडता परत दिला. पण इस्त्री हा आमच्या कामातला सगळ्यात शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग. नाटकवाले या खात्याला कपडेपट म्हणतात. पडद्यावर माणूस तोंड उघडायच्या आधी त्याचे कपडे बोललेले असतात. हा श्रीमंत, ही नुकतीच लग्न झालेली, याची बायको माहेरी गेलीय, कारण शर्टाचं बटण तुटून आठवडा झालाय. हे सगळं आम्ही ठरवायचं. आणि ते कुणाला कळता कामा नये. कळलं तर आम्ही नापास.

शाळेत मी सातवीपर्यंत. गिरगावात असताना नाटकाच्या कपडेपटात फॉल-बिडिंग करायला जायची, तिथे बघून बघून शिकले. मग तुझ्या काकांनी भाईंदरच्या खारी गावात ब्लॉक घेतला आणि आम्ही तिथे राहायला आलो. तेव्हा बिल्डिंगीतल्या बायकांना वाटायचं, ही बाई वेडी आहे. एकदा निर्मलाबेन, आमच्या समोरच्या, गच्चीवर पापड सुकवायला आल्या. मी चहाच्या पाण्यात बुडवलेली कोरी लुगडी दोरीवर टाकली होती आणि एकेकाला पॉलिश पेपरने घासत होते.

"सुधाबेन, ये तो नवा है!"

"हां, नया है. पुराना कर रही हूं."

"पुराना चाहिए तो मेरे घर से ले जाव ने! मेरे सासू का इतना पडा है!"

पण तसं चालत नाही गं. खरं जुनं लुगडं एकच असतं, आणि सिनेमाला एकाच लुगड्याच्या दोन-तीन प्रती लागतात. एक भिजली तर दुसरी तयार हवी, आणि तिन्हींवरचा डाग त्याच जागी हवा. म्हणून कोरं आणायचं, चहात, कातात बुडवायचं, उन्हात टाकायचं, मांडीवर जिथे हात पुसले जातात तिथे घासायचं, खांद्यावर जिथे टोपलीची कड लागते तिथे विरवायचं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला नोटीस पाठवली होती, गच्चीचा गैरवापर म्हणून. मी त्यांना सांगितलं, काका, गच्चीवर तुम्ही पत्ते खेळता, मी काम करते.

तर ब्रिटिश सिनेमा. तोवर मी हिंदी सिनेमांच्या कपडेपटात मदतनीस होते, तिथून मला यात बोलावलं. आपल्याला वाटतं गोऱ्यांचा सिनेमा म्हणजे मोठं लटांबर. तसं नाही. त्यांच्यात एक शेठ पैशाची पेटी घेऊन बसलेला नसतो. थोडा हिस्सा टीव्हीवाल्यांचा, थोडा कुठल्या मंडळाचा, थोडा जो पुढे थिएटरला लावणार त्याचा. त्यामुळे डायरेक्टरच्या डोक्यावर चार ठिकाणची माणसं बसलेली, आणि प्रत्येकाला आधीच कागदावर बघायचं असतं की काय मिळणार. आपल्या हिंदीवाल्यांचे संवाद सकाळी सेटवर लिहून यायचे. यांच्याकडे बटणालासुद्धा नंबर. जेवायला डायरेक्टर रांगेत आपल्या मागे उभा. कुणी ओरडत नाही. मला पहिले चार दिवस वाटलं, काय देवमाणसं आहेत! मग कळलं, यांच्यात 'नाही' कुणी म्हणतच नाही. 'इंटरेस्टिंग' म्हणतात. तुम्ही काही सुचवलंत आणि समोरचा 'व्हेरी इंटरेस्टिंग' म्हणाला की समजायचं, तुमचं सुचवणं कचऱ्यात गेलं.

आमची बॉस मॅगी. पन्नाशीची, केस आखूड, गळ्यात कायम टाचण्यांची उशी. कामाला वाघीण. तिचं बोलणं मी माझ्या मराठीत सांगतेय, कारण माझं इंग्रजी फक्त तिलाच कळायचं. उन्हात लालबुंद होऊन ती माझ्याबरोबर बसून लुगड्यांना घासायची, आणि मी एखादा डाग तिच्यापेक्षा चांगला जमवला तर सगळ्यांना बोलावून दाखवायची. असा बॉस मला नंतर मिळाला नाही. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढे तिच्याशीच माझं भांडण आहे.

सिनेमाची गोष्ट अशी. इंग्रजांच्या राज्यात एक गोरा सर्वेअर किनारा मोजायला एका कोळीवाड्यात येतो. आधी सगळ्यांना तुच्छ समजतो. मग वादळात गावाची होडी बुडते, बायका आक्रोश करतात, ते बघून त्याचं मन पालटतं. म्हणजे मन त्याचं पालटणार, आणि त्यासाठी होडी आमची बुडणार! मी मॅगीला हे म्हटलं तर ती म्हणाली, "इंटरेस्टिंग."

शूटिंग उत्तनच्या पुढे, चौक नावाच्या कोळीवाड्यात. भाईंदर वेस्टहून बस पकडायची, मुर्धा, राई करत उत्तन, तिथून रिक्षा. गावातल्या बायका गर्दीत हव्या होत्या, तीस जणी. मुंबईचा प्रॉडक्शन मॅनेजर दिनेशभाई. तो गावात दोनदा जाऊन हात हलवत परत आला. मग मला पाठवलं. का तर मी मराठी आणि बाई.

तिथे मला हिराबाय भेटली. साठीची, काळीभोर, हातात कोयता आणि समोर बोंबलांची रास. मी आपली शहरी नमस्कार करून उभी. ती वर न बघता म्हणाली, "भाव इचारायचा आसंल त इचार. बगत ऱ्हाऊ नको, मासली लाजतय."

मी काम सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आमच्या आंगाला हात कोन लावनार?"

"मी. दुसरं कुणी नाही. आणि तुम्हाला विचारल्याशिवाय तुमच्या अंगावर काही घालणार नाही, काही काढणार नाही. माझा शब्द."

"शब्द द्याला काय जातंय," ती म्हणाली. पण आली. आणखी एकोणतीस जणींना घेऊन आली.

आणि पहिल्या दिवशी काय थाट! सगळ्या नव्या कोऱ्या साड्यांत, अंगभर सोनं, अंबाड्यात फुलं. मॅगीने कपाळाला हात लावला. मी माझी घासलेली, विटवलेली लुगडी बाहेर काढली, तर एक जण म्हणाली, "ह्यां नेसून शिनेमान जायाचं? माजी नणंद बगल त म्हनल, हिच्या घरान खायाला न्हाय." दुसरी म्हणाली, "आमच्या आयशीचं याच्यापरीस बरं व्हतं." मग त्यांनी लुगडी निवडली. विटकं चालेल, पण गुडघ्यावर फाटकं आम्ही नेसणार नाही. "आमी शिवतो गो. आमाला सुई म्हाईत हाय." बरोबरच होतं त्यांचं. जी बाई जाळं शिवते ती लुगडं फाटकं कशाला ठेवेल? मी मॅगीला सांगितलं, तिने लगेच ऐकलं. फाडलेली लुगडी मी सगळी परत शिवली. शिवल्यावर जास्त खरी दिसायला लागली.

ते लुगडं नेसायची पद्धतही हिराबायनेच मला शिकवली. गुडघ्यापर्यंत, घट्ट, मागे कासोटा असा की चिखलात पळालं तरी सुटणार नाही. तीन दिवस मला नेसवून चालायला लावलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता पडंत न्हाय. आता लोकान्ला नेसव."

आता बांगड्यांचं ऐक, सगळं इथूनच सुरू झालं.

सिनेमात एकच प्रसंग तुकड्यातुकड्याने कधीही काढतात. म्हणून प्रत्येकीचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी टिकलीसुद्धा तिथेच हवी. मॅगीने फोटो पसरले आणि तिच्या लक्षात आलं, तीसच्या तीस जणींच्या डाव्या हातात हिरवा चुडा आणि उजवा हात रिकामा. तिला वाटलं, आपली चूक झाली. बिचारीने दुसऱ्या दिवशी मुंबईहून बांगड्यांचे डबे आणवले आणि स्वतः बायकांच्या उजव्या हातात भरायला गेली.

जो काही गलका झाला! एकीने हात मागे घेतला, एकीने डबाच लोटला. मी धावत गेले. हिराबायने आपला उजवा हात मॅगीच्या तोंडासमोर धरला.

"हिला सांग, ह्यो हात दर्याचा हाय."

त्या गावची रीत अशी की लग्नात उजव्या हाताच्या बांगड्या दर्याला वाहायच्या. हा हात तुझा, माझा धनी तू सांभाळ. म्हणून तो हात जन्मभर मोकळा. मी मॅगीला समजावलं. तिचे डोळे भरून आले. तिने डबे बंद केले, हिराबायची माफी मागितली, आणि इथेच घात झाला. कारण तिने ही गोष्ट मोठ्या कौतुकाने डायरेक्टरला सांगितली.

डायरेक्टर कॉलिन, तरुण, हुशार, वाईट नव्हता. पण त्याच्या डोक्यात लख्ख दिवा पेटला. होडी बुडाल्याची बातमी येते, तीस बायका किनाऱ्याच्या खडकावर डावा हात आपटतात, तीस चुडे एकदम फुटतात, हिरव्या काचा पाण्यात. दर्याने शब्द मोडला म्हणून बायकांनी चुडा मोडला. कागदावर कसं छान वाटतं ना? लंडनच्या जाहिरातवाल्यांना इतकं आवडलं की हाच फोटो पोस्टरवर जाणार असं ठरलं, आणि त्यासाठी खास फोटोग्राफर विमानाने आला. तिकडे सिनेमा पुरा व्हायच्या आधी पोस्टर ठरतं, बाई. पोस्टर बघून पैसेवाले आणि थिएटरवाले हो म्हणतात. आमच्या तीस बायकांचे चुडे फुटायच्या आधीच विकले गेले होते.

मला हे थेट शूटिंगच्या दिवशी सकाळी, कॉलशीटवर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या कागदावर, वाचून कळलं. त्या दिवशी गावातल्या होड्या बाहेर होत्या. सहा-सहा, आठ-आठ दिवस बाहेर राहायच्या. त्या तिसांतल्या वीस-बावीस जणींचे नवरे, मुलगे दर्यात. आणि त्यांनी किनाऱ्यावर उभं राहून चुडा फोडायचा?

मी हिराबायला सांगायला गेले, तर तिला आधीच कळलं होतं. तीस जणी वलांडीखाली, म्हणजे बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या रांगेखाली, बसून होत्या. माझी घासलेली लुगडी नेसलेल्या.

"तू व्हय म्हनलीस?" हिराबायने विचारलं.

"मला आत्ता कळलं."

"मंग आता कललं ना. आता बोल."

मी मॅगीकडे गेले. ती म्हणाली, खोट्या बांगड्या देऊ, साखरेच्या, आपण बनवू. मी म्हटलं, बांगडी खोटी असेल, हात तर खरा आहे ना. ती म्हणाली, "सुधा, हे माझ्या हातात नाही." दिनेशभाई मात्र तयारीचा गडी. त्याने मुंबईहून ज्युनियर आर्टिस्ट बायकांची बस आधीच मागवून ठेवली होती.

"सुधाबेन, टेन्शन नको. गाववालियों से कपडा उतरवा लो, अपनी लेडीज को पहना दो. दूर का शॉट है, किसको पता चलता है?"

"मला कळतंय ना."

"अरे, आपको कौन पूछता है?"

हे वाक्य लक्षात ठेव मीनल. माझ्या उभ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा उपकार या माणसाने माझ्यावर केला. मी पत्र्याच्या ट्रंकांपाशी गेले. लुगड्यांच्या जादा प्रती त्यात होत्या. कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोवली आणि ट्रंकेवर बसले.

"गावच्या बायकांच्या अंगावरचं मी काढणार नाही. ट्रंक उघडणार नाही. आणि फोडून उघडलीत तर नेसवणार कोण? तुमच्या बसमधल्या एकीला तरी हे लुगडं नेसता येतंय का विचारा. इथे नेसवता येणाऱ्या एकतीस बायका आहेत, तीस त्या तिथे बसल्यात, एकतिसावी मी."

"सुधाबेन, मॅटर मत बनाओ. चाबी दो."

"मॅटर तुम्ही बनवलात. मी बसलेय फक्त."

"नाम कट जाएगा आपका. आगे काम नहीं मिलेगा."

"गच्चीवर पापड सुकवीन."

वरून ही अशी बोलत होते, पण गं, पहिल्यांदा पडद्यावर माझं नाव येणार होतं. घरी मी ते सगळ्यांना सांगून बसले होते. आणि समुद्राला ओहोटी लागलेली, ऊन वर चढलेलं, शंभर माणसं हातावर हात ठेवून उभी. मॅगी लांब उभी राहून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, ही येऊन एक शब्द बोलली तर मी मोडेन. ती आली. माझ्या शेजारी ट्रंकेवर बसली, आणि गळ्यातली टाचण्यांची उशी काढून मांडीवर ठेवली.

दुपारी कॉलिन स्वतः आला. मला म्हणाला, "बरं. मग खरंच होडी परत आली नाही तर या बायका काय करतात?"

एवढ्या महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला.

मी त्याला हिराबायकडे नेलं. ती म्हणाली, "काय न्हाय करीत. बोंबील घालतो वलांडीवर. आज घातलेला त उद्या सुकल, उद्या तो आला त त्याला दिसाला पायजे, काम झालंय. कोन रडंत न्हाय. रडलं की दर्याला वाटतंय, हिनं सोडला. मंग तो बी सोडतय."

कॉलिन 'इंटरेस्टिंग' म्हणाला नाही. त्याने कॅमेरा वलांडीपाशी लावला आणि सांगितलं, तुम्ही रोज करता तसं करा. तीस बायका उठल्या. एकमेकांत अडकवलेले बोंबील बांबूवर टाकत गेल्या. एकही जण दर्याकडे बघेना. डाव्या हातातला चुडा वर-खाली होत होता, तेवढाच आवाज. हिराबायचा मुलगा त्या वेळी खरोखरच दर्यात होता, आणि त्याला यायला दोन दिवस उशीर झालेला होता. ती काही नाटक करत नव्हती. कॅमेरामन नंतर तोंड फिरवून नाक शिंकरत होता. मी आयुष्यात तीस-पस्तीस सिनेमे केले असतील, त्याच्यासारखा प्रसंग दुसरा बघितला नाही. मुलगा चौथ्या दिवशी आला, इंजिन बंद पडलं होतं म्हणे. त्याला हिराबायने पहिल्यांदा शिव्या घातल्या, मग जेवायला.

पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण सांगते. नाहीतर हे सगळं माझीच आरती होईल.

सिनेमा लंडनला गेला. महोत्सवात दाखवला, पेपरात आलं. पोस्टर मॅगीने पाठवलं. मधोमध गोऱ्या सर्वेअरचा मोठा चेहरा, घाम वगैरे, आणि खाली पायाशी आमच्या बायका, बोंबलाएवढ्या. खाली लिहिलेलं की हा सिनेमा तुम्हाला एका विसरलेल्या किनाऱ्यावर नेईल. विसरलेला! उत्तनपर्यंत दर पाऊण तासाला बस आहे.

वर्षभराने व्हिडिओ कॅसेट आली, सोबत मॅगीचं लांबलचक पत्र. आमच्या बिल्डिंगीतल्या एका कॉलेजच्या मुलीकडून वाचून घेतलं. तिकडे रीत अशी की सिनेमा लावायच्या आधी एका थिएटरात परक्या लोकांना फुकट दाखवतात आणि बाहेर पडताना कार्ड भरून घेतात, काय आवडलं, काय कळलं नाही. त्या कार्डांवर बऱ्याच जणांनी लिहिलं, होडी बुडाली तरी बायका काम का करतात? त्यांना दुःख होत नाही का? मग पैसेवाल्यांनी कॉलिनला बसवलं. चित्र बदलता येईना, कारण दुसरं काढलेलंच नव्हतं. म्हणून आवाज बदलला. लंडनच्या स्टुडिओत दोन बायका उभ्या करून आक्रोश रेकॉर्ड केला आणि आमच्या वलांडीवर चढवला. मॅगीने लिहिलं होतं, मी भांडले, मला माफ कर.

मी कॅसेट लावून बघितली. तीस मिटलेली तोंडं, आणि त्यातून रडणं येतंय. छाती पिटल्यासारखं. कुठल्या भाषेतलं कोण जाणे. शेवटी पाट्या आल्या, त्यात माझं नाव, अगदी बरोबर. तुझे काका टाळ्या वाजवत होते. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

ती कॅसेट मी साड्यांच्या कपाटात तळाशी ठेवली. हिराबाय भाईंदरच्या बाजारात यायची, दर वेळी विचारायची, "सुदाबाय, आमचा शिनेमा आला?" मी म्हणायचे, अजून नाही, तिकडे वेळ लागतो. ट्रंकेवर बसणारी बाई ती मीच, आणि कपाटाचं दार बंद ठेवणारीही मीच. आठ-नऊ महिने असे गेले. एक दिवस तिने विचारलंच नाही. पापलेटं दिली, पैसे घेतले, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. ते मला सोसलं नाही.

श्रावणात, होड्या किनाऱ्याला लागलेल्या असताना, मी कॅसेट घेऊन चौकला गेले. समाजाच्या हॉलमध्ये भाड्याचा टीव्ही आणि व्हिडिओ. दुपारची वेळ, गाव लोटलेलं, बायका पुढे चटईवर, पुरुष मागे भिंतीला. सुरुवातीला काय मजा! "ती बग रखमा, कशी चालतंय, जशी सरपंचीन!" गोरा सर्वेअर चिखलात पडला तेव्हा हॉल डोक्यावर घेतला. इंग्रजी एक अक्षर कळत नव्हतं, अडत कुणाचंच नव्हतं.

मग वलांडी आली. आणि रडणं सुरू झालं.

मागचे पुरुष बायकांकडे बघायला लागले. एका म्हाताऱ्याने सरळ विचारलं, "आमी दर्यान व्हतो, आनि तुमी रडलाव?"

"न्हाय रडलो!" चार-पाच जणी एकदम ओरडल्या.

हिराबाय माझ्याकडे वळली. "ह्यां कोन रडतंय?"

मी उभी राहून सगळं सांगितलं. कार्डं, पैसेवाले, लंडनच्या दोन बायका. आणि हेही सांगितलं की कॅसेट गेल्या वर्षीच आली होती.

हिराबायने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "रडनं त्यांनी घातलं. ते परके. पन इतकं दिवस गप तू बसलीस."

मीनल, मला दिनेशभाईने काढून टाकलं असतं तर एवढं लागलं नसतं.

ती उठली, टीव्हीपाशी गेली, बटण कुठलं ते विचारलं आणि आवाज पूर्ण बंद केला. "आता मागं ने. परत लाव." मी कॅसेट मागे नेली. परत वलांडी आली. आता तीस बायका, बोंबील, हिरवे चुडे, आणि आवाज कुठलाच नाही. तो मघाचा म्हातारा पुढे सरकून बसला, आपल्या बायकोच्या मागे. पडद्यावर त्याची बायको बोंबील टाकत होती. तो म्हणाला, "अशी करतंस व्हय तू, मी नसतो तवा." पुरुषांनी ते कधी बघितलेलंच नव्हतं गं. ते नेमके तेव्हा दर्यात असतात.

घरी येऊन मी लंडनच्या सिनेमावाल्यांना पत्र लिहिलं. स्वतःच्या हाताने, डिक्शनरी घेऊन, माझ्या मोडक्या इंग्रजीत. लिहिलं, एकतर रडणं काढा, नाहीतर माझं नाव काढा. उत्तर आलं, फार सभ्य. सिनेमा आता पुरा झालाय, काही बदलता येणार नाही, पण तुमचं म्हणणं फार इंटरेस्टिंग आहे. मी परत लिहिलं. परत लिहिलं. पाचव्यानंतर उत्तर यायचं थांबलं, माझं लिहिणं थांबलेलं नाही. दिनेशभाईने सांगितलं होतं तसं मोठं इंग्रजी काम मला पुढे मिळालं नाही. मराठी सिनेमे केले, सिरियली केल्या, नाटकं केली, हात चालू ठेवला. कुणी विचारलं की एवढ्या एका आवाजासाठी एवढं काय, तर मी सांगते, चुड्यांचा तेवढाच आवाज होता तिथे. त्यातच सगळं होतं.

कॅसेट मी हिराबायलाच दिली. चौकला आता ती दर श्रावणात लावतात, आवाज बंद करून. कोण कुठली ते बायका पोरासोरांना सांगतात, काही जणी आता नाहीत, त्यांची नावं घेतात. हिराबाय थकलीय, पण आवाजाच्या बटणापाशी अजून तीच बसते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. माझ्याशी बोलते आता, पापलेटही निवडून देते, पण चटईवर मला मागच्या रांगेत बसवते. मी बसते.

तेव्हा मीनल, येत्या श्रावणात ये. कारणं सांगू नकोस, ऑफिसला मावशी आजारी आहे म्हणून कळव, मी आजारी पडायला तयार आहे. टेप आता झिजलीय, मधेमधे रेघा येतात, बायकांचे चेहरे पुसट होत चाललेत. उशीर केलास तर नुसते हात दिसतील. आदल्या दिवशी खारीला माझ्याकडे राहायला ये, सकाळी उत्तनची बस पकडू. आणि हो, ती मैत्रीण, जिला तू माझी ओळख करून दिलीस ना? तिलाही घेऊन ये.